कुंडाच्या काठावरची खाच

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. डॉक्टर झाले, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात बाळंतपणं केली आणि ऐंशीच्या दशकात आईला विमानानं इंग्लंडला आणलं. हे फुशारकीनंच सांगते, कारण फुशारकी मारण्यासारखंच आहे.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या नातवाचं चर्चमध्ये ख्रिसनिंग होतं, म्हणजे त्यांचं बारसं. आई नऊवारीवर माझा कोट चढवून बाकावर बसली. पाद्रीबाबांनी शिंपल्यानं बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, बाळ किंचाळलं.

"गार असंल," आई म्हणाली. "कोमट करायला काय झालतं ह्यांना?"

मग सगळे हॉलमध्ये चहाला गेले. शेजारीणबाई मात्र आम्हा दोघींना त्या पाण्याच्या दगडी कुंडापाशी घेऊन गेल्या. त्यांना त्याचा भारी अभिमान. हे चर्चपेक्षाही जुनं, त्या सांगू लागल्या. मी आईला मराठीत सांगत गेले. मधे धर्माच्या भांडणात लोकांनी ते बाहेर फेकलं. शेतावर पडून होतं, गुरं पाणी प्यायची त्यात. पुढे परत आणून बसवलं.

"गुरं प्याली, आन् पुन्यांदा द्येवाचं झालं?" आई म्हणाली. "बरंय बाई."

काठावर एक खोल खाच होती, तिच्यात गंजाचा डाग. पूर्वी झाकणाला कुलूप असायचं, बाई म्हणाल्या. मंतरलेलं पाणी लोक चोरून न्यायचे, आजारी पोरांना पाजायला. कुणीतरी कुलूप उपसलं, तेव्हा दगड तुटला.

आई खाचेवरून बोट फिरवत राहिली. ती कुठे पोचली होती ते मला कळत होतं. माझ्या आधी एक भाऊ होता. तापानं फणफणलेला, पाणी पाणी करणारा. गावच्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. कुणी वरून घागरीत ओतेल तोवर थांबायचं. त्या दुपारी कुणी लवकर आलंच नाही. आई भरली घागर घेऊन घरी पोचली, तेव्हा पाणी मागणारं कुणी उरलं नव्हतं.

"आईच असंल ती," आई म्हणाली. "बापाला एवढा दगड फुटत न्हाई."

"तुमच्या आईला म्हणावं, घाला हात पाण्यात," शेजारीणबाई म्हणाल्या. "चालतं आमच्यात."

मला त्या घडीला एवढंच हवं होतं. आईनं कुणाला न विचारता पाण्यात हात बुडवावा, आणि मी ते बघावं. मी तिला सांगितलं. ती पुढे झाली, वाकली, आणि दोन्ही हातांची ओंजळ काठाच्या खाली धरून थांबली.

शेजारीणबाईंना वाटलं, आमच्याकडची रीतच असेल. त्यांनी प्रेमानं शिंपला भरला आणि वरून, न शिवता, पाणी ओतलं.

माझी कानशिलं तापली. "आये, सरळ उभी ऱ्हा! आत घाल हात. कोण खातंय तुला?"

तिनं ओंजळ न हलवता माझ्याकडे पाहिलं. "तू घाल की आधी. तू शिकलेली."

मी हात उचलला. तो पाण्याच्या वर वीतभर थांबला, खाली जाईना. मागून आता कुणीतरी ओरडणार असं वाटत होतं. मागे सगळे बाक रिकामे होते.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, आणि ओंजळीतलं पाणी तिनं त्या खाचेत हळूहळू सोडलं, बाळाच्या तोंडात सोडावं तसं.

नव्वदच्या दशकात आई गावाकडेच वारली. फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी त्या चर्चमध्ये गेले. झाकणाला कुलूप नव्हतं, नुसतं जड होतं. दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि या खेपेला न थांबता कोपरापर्यंत हात घातला.

आत पाणी नव्हतं. ते बारशापुरतंच असतं, मग तळाच्या भोकातून जमिनीत जाऊ देतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तळ चाचपत राहिले, कुठे तरी ओल लागेल म्हणून.

माझ्या शेजारी, काठाच्या खाली, कुणीतरी ओंजळ धरून वाकलं होतं. मी तिकडे पाहिलं नाही. ओतू तरी काय?