वहिनींचा डावा खांदा

भाऊचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. "तुही वहिनी गेली," एवढंच तो म्हणाला आणि मी विचारलं, "कुठं?" मला खरंच कळलं नव्हतं. आदल्या संध्याकाळीच वहिनींशी फोनवर बोलणं झालं होतं. खांदा हलका झाला, सकाळी वांगी तोडायला जाणार आहे, असं सांगत होत्या. त्यामुळे गेली म्हणजे नांदुऱ्याच्या बाजारात गेली, असंच मनात आलं...  मग शेजारच्या कुणीतरी फोन घेतला. शेतातच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वनिता वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. नांदुऱ्याजवळ आमची भाजीची शेती आहे, ती हे दोघं करायचे. वर्षानुवर्षं डोक्यावर भाजीच्या पाट्या वाहून वहिनींची मान इतकी आखडली की मागून हाक मारली तर त्या अख्ख्या वळायच्या. खामगावच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांच्या पाठीवर कप लावले. गावातल्या म्हाताऱ्यांनी पाठीवरचे वण पाहून लगेच ओळखलं, ही तर जुनी तुंबडी, आत जाळ करून पाठीला चिकटवायची ती. फरक एवढाच की यात जाळ नव्हता, छोट्या हातपंपानं कपातली हवा ओढायची. मान सुटली, आणि वहिनींनी त्या बाईंच्या मागे लागून ते काम शिकून घेतलं. मग शेतातून परतलेल्या बाया आमच्या पुढच्या खोलीत येऊ लागल्या. तेल लावायचं, कप ठेवायचा, पंप ओढला की कातडी फुगून कपात यायची. नंतर पाठीवर जांभळे गोल उठायचे, आणि बाया ते एकमेकींना दाखवत हसायच्या. यानं नेमकं होतं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "मलेही पुरं नाही समजत," वहिनी म्हणाल्या, "आखडलेलं सैल होते, एवढं दिसते." पण कुणाचा हात बधिर असला किंवा कुणी छातीचं नाव काढलं की त्या कपाला हातही लावायच्या नाहीत. हे माझं काम नाही, आधी डॉक्टरला दाखव, असं सांगून परत पाठवायच्या.

हा फोन येण्याच्या थोडेच दिवस आधी, दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा त्यांचाच डावा खांदा दुखत होता. त्यांचेच शब्द मी त्यांना ऐकवले. त्या कुरकुरल्या, पण डॉक्टरकडे गेल्या. ईसीजी चांगला आला. डॉक्टरांनी स्नायू आखडल्याचं सांगून मलम दिलं. घरी येताच त्या खाटेवर पालथ्या पडल्या आणि मला कप लावायला सांगितलं. मी कधी लावले नव्हते. त्या उशीत तोंड घालून एकेक सांगत होत्या आणि मी भीतभीत पंप ओढत होते. "ओढ अजून, मी काही फुटत नाही," त्या म्हणाल्या. कप काढल्यावर उठून त्यांनी हात डोक्यावरून गोल फिरवला आणि हसल्या. दुसऱ्या दिवशी तर खुरपायलाही बसल्या.

आता मला काहीच नीट उमगत नाही. त्या गेल्यावर मी त्याच डॉक्टरांना भेटले. तेव्हा खांदाच दुखत असेल, किंवा ती हृदयाची सुरुवातही असेल, आता सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि अजून ते घेऊनच बसले आहे. हात फिरला, म्हणजे दुखणं खांद्याचंच होतं, असं सकाळी वाटतं. मग त्यांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले याचं बरं वाटतं. भाजी निवडता निवडता ते उलटतं... ते दुखणं काही सांगत होतं आणि आम्ही त्याला गप्प केलं, असं काही झालं असेल का? पण दाखवलं तर होतं डॉक्टरांना. आणखी काय करायला हवं होतं? तेराव्याच्या दिवशी भाऊनं मला बाजूला बोलावलं. "तिले खरंच बरं वाटलं होतं, का आपल्याले बरं वाटावं म्हून हसली?" मी म्हणाले, खरंच. कशाच्या आधारावर म्हणाले, कोण जाणे.

गेल्या रविवारी गावी गेले. दोघांचं काम आता एकटा करून भाऊची पाठ धरली आहे. बाया असेपर्यंत जो त्या पुढच्या खोलीत कधी फिरकत नसे, तो सदरा काढून खाटेवर पालथा झाला. "लाव," म्हणाला. माझा हात पुढे होईना. छातीत दुखतं का, हाताला मुंग्या येतात का, सगळं विचारलं. डॉक्टरला दाखवून आलो, म्हणाला. मग लावले. कप पाठीवर असतानाच त्याला झोप लागली. वहिनी गेल्यापासून तो असा शांत झोपलेला मी पाहिला नव्हता. जागा झाल्यावर त्यानं खांदे हलवून पाहिले.

"हलकं वाटून राह्यलं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. "तिचंही असंच झालं असन का?"

"माहीत नाही, भाऊ."

तो उठला. मग कप गोळा करून मोरीवर नेले, साबणाच्या पाण्यानं धुतले, पुसले आणि जुन्या लुगड्याचा तुकडा खिडकीत अंथरून त्यावर एकेक पालथा मांडला. मोठे मागे, लहान पुढे. एक जरा वाकडा वाटला, तो सरळ केला.

"ती असेच ठेवे," तो म्हणाला.

मला हे माहीत नव्हतं. कप धुवायची वेळ होईतोवर मी नेहमी चहा टाकायला आत गेलेली असायचे.