लॅपटॉप मी पाडला नव्हता

माझ्या हातून वस्तू पडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बेळगावातल्या एका चकचकीत शोरूमनं मला ते वर्षभर सांगू दिलं नाही.

मी निपाणीत राहते आणि लहान दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते. ऑफिस म्हणून एक खोली आहे, पण तिथं कुणी येत नाही, मीच त्यांच्याकडे जाते. सदलग्याचे किराणावाले, संकेश्वरचं खताचं दुकान, हायवेवरचा टायरवाला. पोत्यावर, गल्ल्याच्या कडेला, कधी टायरांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवायचा, उघडायचा, बिलं चढवायची, मिटायचा. मध्येच गिऱ्हाईक आलं की दुकानदार म्हणतो, "आक्का, जरा सरका," की पुन्हा मिटायचा. माझ्या लॅपटॉपची जेवढी उघडझाप होते तेवढी लोकांच्या घरच्या दाराची होत नसेल. आत कुठला प्रोसेसर आहे, किती वेगात पळतो, हे ज्यांना मिरवायचंय त्यांनी मिरवावं. माझ्या धंद्यात बिजागरी टिकली तर लॅपटॉप टिकला.

ती टिकली नाही. गेल्या वर्षी संकेश्वरच्या खताच्या दुकानात मी लॅपटॉप उघडला आणि उजव्या कोपऱ्यात कट्कन आवाज झाला. पडदा वर आला, बिजागरी खालीच राहिली. आतलं प्लास्टिक फाटून स्क्रू बाहेर डोकावत होते. दुकानदार वाकून बघत म्हणाला, "आक्का, ह्याचा जबडाच निखळला की वं." दुकानातले चार लोक हसले. मी त्या पडद्याला त्याच्याच दोन किलोच्या मापाचा टेकू दिला आणि रिटर्न भरला. रिटर्न भरायचा शेवटचा दिवस होता, रडायला सवड नव्हती.

वॉरंटी चालू होती, म्हणून शोरूम गाठलं. मॅनेजरच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, अंगाला अत्तर. मेलेला उंदीर उलटावा तसा त्यानं लॅपटॉप एका बोटानं उलटला.

"फिजिकल डॅमेज आहे मॅडम. पाडलाय तुम्ही."

"नाही पाडला."

"पडल्याशिवाय असं होत नाही."

"नाही पाडला म्हणते ना."

"मग घरी लहान मुलं असतील."

माझ्या घरी मी आणि म्हातारी आई. मी तसं सांगितलं. तो आता खापर आईवर फोडायच्या बेतात होता, तेवढ्यात माझा आवाज चढला आणि दारावरचा रखवालदार आत आला. निखळलेला जबडा तसाच पिशवीत घालून त्यांनी मला वाटेला लावलं. पुढं वर्षभर मी प्रत्येक दुकानात आधी टेकू मागायची आणि मग काम सुरू करायची. वजनमाप, तेलाचा डबा, एकदा तर नारळ.

हा लॅपटॉप मी दाजींच्या सल्ल्यानं घेतला होता. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, आक्काचे यजमान. टिळकवाडीत फ्लॅट, बँकेत केबिन. त्यांच्याकडे हेच मॉडेल आहे. मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "माझा बघ. अजून नव्यासारखा आहे. वस्तू वापरायची एक पद्धत असते."

पद्धत! हा शब्द मी गिळला, पण तो खाली उतरला नाही. दाजींचे वडील निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती उचलत. माझी आई आणि आक्काची आई एका जोत्यावर बसून विड्या वळत. टिळकवाडीत नावाची पाटी लागल्यापासून दाजींना यातलं काही आठवत नाही. त्यांची भाषाही बदलली, 'न्हाय'चं 'नाही' झालं. पण 'पद्धत' म्हणताना त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं होतं. विड्या वळणारीची पोरगी, हिला नाजूक वस्तू काय कळणार, असं ते बघणं होतं.

विड्यांचं सांगायलाच हवं, कारण माझी घासाघीस तिथून आलीय. आई विड्या घेऊन कंपनीत जायची तेव्हा चेकर बंडल हातात दाबायचा आणि विड्या बाजूला फेकायचा. ही सैल, ही फाटकी, हिचं तोंड उघडं. त्याला छाट म्हणत. छाट विडीची मजुरी मिळत नसे आणि विडीही परत मिळत नसे. ती कंपनीतच राहायची, आणि आत जाऊन त्याच लेबलाच्या बंडलात बसायची, हे साऱ्या निपाणीला ठाऊक होतं. आई म्हणायची, "खोड काढणाऱ्याचाच माल आसतोय गं." मी ते पक्कं धरलं. साडी असो, मोटरसायकल असो, खोली असो, मी आधी खोड काढते आणि मग भाव बोलते. दुकानदार मला बघून कपाळाला हात लावतात. लावू देत.

यंदा नवा लॅपटॉप घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण या वेळी मी सल्ला कुणाचाच घेतला नाही. दुपारचं काम नसलं की मोबाइलवर लोकांच्या तक्रारी बघत बसायची. ते जुनं मॉडेल अजून नव्या रंगात विकायला होतंच. त्याच्याबद्दल कुठकुठली पोरं आपापले मोडके लॅपटॉप कॅमेऱ्यासमोर धरून बोलत होती. सगळ्यांचा उजवा कोपरा. भाषा निराळ्या, गावं निराळी, कोपरा एकच. साऱ्या देशानं ठरवून एकाच कोपऱ्यावर पाडला काय?

दुसरा एक होता, जाडजूड आणि दिसायला ओबडधोबड. त्याच्या कीबोर्डचा मधला भाग बाजेसारखा दबतो, स्पीकरचा आवाज डालड्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि वजन असं की खांद्याला वळ उठावा. पण बिजागरी लोखंडी आणि लोखंडातच बसवलेली. तिच्याबद्दल रडणारं कुणी सापडलं नाही. मी दोन्हींच्या खोडी मनात तोलल्या. बिनखोडीची वस्तू मी आजवर बघितलेली नाही, माणूस तर नाहीच नाही. पण खोडीखोडीत फरक असतो. एक रोज कुरकुरते आणि कामाला जुंपलेली राहते. दुसरी गोड दिसते आणि चारचौघांत मान टाकते. मला पहिली चालते.

म्हणजे निर्णय झालेला होता. तरी मी त्या शोरूममध्ये गेले. दाजी म्हणाले होते, "मी येतो बरोबर, माझी ओळख आहे, तू फक्त तोंड बंद ठेव." मला तिथं लॅपटॉप घ्यायचाच नव्हता. ज्या तोंडानं मला 'पाडलाय' म्हटलं, त्याच तोंडून मला 'नव्हता पाडला' एवढं ऐकायचं होतं. दाजींच्या देखत.

मॅनेजर तोच, अत्तर तेच. दाजींना खुर्ची मिळाली, मला 'या मॅडम' मिळालं. काउंटरवर मांडलेल्या लॅपटॉपांत ते जुनं मॉडेल नव्या निळ्या रंगात बसलं होतं. खोक्यातला नवा कोरा माल बघून काही कळत नाही. मांडून ठेवलेला बघावा. त्याला येणारा-जाणारा हात लावतो, तो चार महिन्यांत म्हातारा होतो आणि सगळं बोलून जातो. मी बघत राहिले. बाकीचे लॅपटॉप लोक उघडत होते, मिटत होते. निळा मात्र आ वासून होता, आणि दाढीवाला सेल्समन त्याच्याजवळून हलत नव्हता.

"हा जरा मिटा," मी म्हटलं.

"असाच बघा की मॅडम, डिस्प्ले चांगला दिसतोय."

"मिटा हो."

त्यानं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा तो मिटला.

"आता उघडा."

तो थबकला. मागून मॅनेजर हळूच कन्नडमध्ये म्हणाला, "मेल्लक. यरडू कैले तगी." म्हणजे सावकाश, दोन्ही हातांनी उघड. निपाणीच्या माणसाला कन्नड येत नाही, हा बेळगावकरांचा जुना गोड गैरसमज. अरे, चिक्कोडीच्या ऑफिसांत माझी निम्मी कामं कन्नडमध्ये भांडूनच होतात.

मी वळले आणि विचारलं, "याक्री, यरडू कै याक बेकू?" का हो, दोन हात कशाला लागतात?

अत्तराचा वाससुद्धा थबकला. मग तो हसला, मराठीत आला. "तसं नाही मॅडम. डिस्प्ले पीसला कोणपण हात लावतंय. म्हणून जरा काळजी."

"आणि घरी नेऊन गिऱ्हाईक काय करतंय? हात न लावता हळदकुंकू वाहतंय?"

शेजारी फ्रिज बघणाऱ्या बाई फिसकन हसल्या. मी म्हटलं, "एका हातानं उघडून दाखवा."

"तुम्हीच उघडून बघा की."

"मी न्हाय. मी उघडला तर म्हणाल पाडला."

दाजी खुर्चीतून कुजबुजले, "अगं, तमाशा करू नकोस. लोक बघताहेत."

"बघू देत. तुमच्याच ओळखीचं दुकान हाय."

आता मॅनेजरनं त्याला येत होतं ते केलं. त्यानं भाव उतरवला. मी निळ्याचा उजवा कोपरा न्याहाळत राहिले. त्यानं आणखी उतरवला, बॅग दिली, माउस दिला, वर एक वर्ष वॉरंटी वाढवली. मी विचारलं, "वाढीव वॉरंटीत बिजागरी येते?"

"फिजिकल डॅमेज सोडून सगळं येतंय."

खोटं बोलायलाही जरा कल्पकता लागते, तीही या माणसाकडे नव्हती.

पण भाव असा पडला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. घासाघीस करणाऱ्याची जीभ ती, तिला खोड दिसली की भूक लागते. दाजींनी कोपरानं ढोसलं, "घे की, एवढ्यात कुठं मिळणार आहे? जपून वापर म्हणजे झालं." हात पर्सवर गेलाच होता. तेवढ्यात छाट आठवली. इथं तर उलटा कारभार! फाटकी विडी चेकरच माझ्या पदरात टाकत होता, वर उपकार केल्याचं तोंड करून. उद्या ती उसवली की मजुरी माझीच कापणार होता.

मी पर्स मिटली. "खोड न्हाय म्हणता, मग भाव का पाडताय? एक रुपाया कमी करू नका. पूर्ण किमतीला घेते. फक्त एवढं म्हणा, गेल्या वर्षी ह्या बाईनं पाडला नव्हता. हितं, ह्यांच्या समोर."

तो दाजींकडे बघायला लागला, दाजी छताकडे.

"तसं कसं म्हणणार मॅडम. कंपनीचं धोरण असतंय."

"मग ऱ्हाऊ दे तुमचं धोरण आणि तुमचा माउस."

बाहेर पडून मी दुसऱ्या गल्लीतल्या दुकानातून तो जाडजूड घेतला. तिथला दुकानदारही काही साधुसंत नव्हता. त्याच्या मालाच्या खोडी मीच त्याला ऐकवल्या, तो चिडला, मी चिडले, आणि दोघांना परवडेल असा भाव ठरला. व्यवहार असा होतो. दाजी तेवढा वेळ बाहेर फुटपाथवर उभे राहून लांबच्या ओळखीचे असल्यासारखे फोन बघत होते.

आक्काचा निरोप होता, म्हणून चहाला टिळकवाडीत जावं लागलं. दाजींना माझी खरेदी मूर्खपणाची होती हे सिद्ध केल्याशिवाय चहा गोड लागणार नव्हता. "थांब, तुला दाखवतोच त्या मॉडेलला लोकांनी किती चांगले अभिप्राय दिलेत," म्हणत ते आतल्या कपाटातून आपला लॅपटॉप घेऊन आले. मखमली फडक्यात गुंडाळलेला. तो टेबलाच्या अगदी मधोमध ठेवला, मनगटावरचं घड्याळ वर सारलं, दोन्ही अंगठे दोन कोपऱ्यांना लावले, श्वास रोखला आणि सावकाश, दोन्ही बाजू सारख्या राहतील असा तो उघडला.

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं होतं, तसंच.

आक्का चिवड्याची बशी ठेवता ठेवता म्हणाली, "हे असंच हाय बघ. मला तर हातच लावू देत न्हाईत. एकदा त्या कोपऱ्यात कट्कन वाजलं, तवापासनं देवागत जपत्यात."

"कवा वाजलं गं?"

"लई दिस झालं. तुझा मोडायच्या आधीच. म्हणलं दुकानात दाखवा, तर म्हणाले गप बस, कुणाला सांगू नको. तुला घ्यायला सांगून बसले होते न्हवं!"

"तू चहा आण आधी," दाजी म्हणाले.

"चहा तुमच्या पुढ्यातच हाय की."

म्हणजे मला 'पद्धत' शिकवत होते तेव्हा या गृहस्थांना सगळं ठाऊक होतं. बँकेतली केबिन, गावात शब्दाला किंमत, आणि स्वतःच्या मेहुणीला 'माझाही वाजतोय' एवढं सांगायची छाती नाही. मॅनेजरचं निदान पोट त्या खोट्यावर चालतं. दाजींनी ते फुकट केलं.

मी माझा नवा धोंडा पिशवीतून काढला आणि त्यांच्या मखमली फडक्याशेजारी दणकन ठेवला. एका हातात कप तसाच धरून दुसऱ्या हातानं झाकण उघडलं, मिटलं, उघडलं.

"दाजी, गेल्या वर्षी मी पाडला होता काय?"

ते पडद्याकडे बघत म्हणाले, "आज नेट फार स्लो आहे."

त्यानंतर मी कितीदा तरी टिळकवाडीत गेले. उत्तर अजून मिळालेलं नाही. माझ्या धोंड्याची संकेश्वरच्या खताच्या पोत्यांवर रोज उघडझाप होते, त्याचा कीबोर्ड दबतो, स्पीकर खरखरतो, खांदा दुखतो. टेकू मात्र मी कुणाकडे मागत नाही. आक्काचा फोन आला की शेवटी एक मात्र आठवणीनं विचारते, "आणि दाजींच्या लॅपटॉपची तब्येत कशी हाय?" पलीकडं फोन स्पीकरवर असतो, हे मला ठाऊक आहे.