पणजोबांची मक्केतली बायको

हे मी रझियालासुद्धा बोललेलो नाही. एकतीस वर्षांचा संसार, त्यातली सव्वीस वर्षं इथे मदिनेत एका छपराखाली—तरी नाही. तुमच्यापाशी का बोलतोय? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

नातेवाइकांत मी वंशावळवाला म्हणून ओळखला जातो. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. दर सुट्टीत गेलो की मशिदीतली निकाहाची जुनी दफ्तरं चाळायची, कबरींवरची नावं उतरवून घ्यायची, तलाठ्याकडून फेरफाराच्या नकला काढायच्या, म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. असं करत मी सात पिढ्या जुळवल्या. आमचा मूळ पुरुष अरबस्तानातून गलबतावरून आला, असं घरात सांगत. त्याला कागदाचा आधार कुठेच सापडला नाही. तरी पहिल्या पानावर मी तेच लिहिलं. पण रझियापासून लपवलं ते हे नव्हे. एवढं खोटं सगळेच लिहितात.

पणजोबा इस्माईल हे त्या वंशावळीतलं मोठं नाव. ऐन तारुण्यात बोटीने हजला गेले, मक्केत नऊ वर्षं राहिले, हाजींची सेवा केली, मग परत येऊन लग्न केलं. त्यांना एकच मुलगा, आणि त्या मुलाला एकच मुलगा—माझे अब्बा. घरात माणूस कमी, हे अब्बांचं कायमचं दुखणं. ईदच्या दिवशी शेजारच्या ओट्यावर भाऊभाऊ बसलेले दिसले की ते उठून आत येत.

एका सुट्टीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तीन पत्रं मिळाली. अरबी. आमच्याकडे सगळ्यांना अरबी वाचता येतं, अर्थ कळत नाही. अब्बांनी तर ती पाक समजून मलमलीत बांधून ठेवली होती. मला मात्र अर्थ लागत होता. इतकी वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर उभा राहिलो, लागणारच.

मरियम नावाच्या बाईने कुणाकडून तरी लिहून घेतलेली पत्रं. पहिल्यात—तुमचा याह्या आता चालतो. दुसऱ्यात—पावसाळा संपला की येतो म्हणाला होतात, त्यानंतर दोन हज झाले. तिसरं चारच ओळींचं. तुम्ही वारलात असं मी लोकांना सांगितलं आहे, आता लिहिणार नाही.

"काय लिहिलंय रे?" समोर बसलेल्या अब्बांनी विचारलं.

"धंद्याचं आहे. खजूर, कापड—तसलंच."

ते हिरमुसले. मी पत्रं पाकिटात घालून मदिनेला घेऊन आलो. मेलेल्या माणसाची लाज राखली, असं तेव्हा मनाला बजावलं. पण राखली ती कुणाची?

पुढच्याच वर्षी एका दुपारी, असरच्या नमाजानंतर, रिसेप्शनवर एक म्हातारा आला. उंच, काळाभोर, अंगात इस्त्रीचा पांढरा थोब, अरबांचा पायघोळ झगा. तुम्ही कोकणातले ना, म्हणाला. त्याचं नाव बकर. त्याचे आजोबा आमच्या बाजूचे होते, नाव इस्माईल. मग त्याने एका गावाचं नाव घेतलं—मोडकंतोडकं, अरबी जिभेवर घासून गेलेलं. पण ते आमचंच गाव होतं. आजीचं नाव मरियम. तिचे वडील आफ्रिकेतून पायी हजला आले आणि मक्केतच राहिले. भेटेल त्या कोकणी माणसाला तो वर्षानुवर्षं विचारत आला होता. रिसेप्शनवरचा माणूस वंशावळी लिहितो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"मला काही नको," तो म्हणाला. "आजोबांना कुठे दफन केलंय एवढं कळलं तर बरं. दुआ करीन."

मला ती कबर ठाऊक होती. तिचा दगड मीच साफ करून घेतला होता.

आणि तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? पणजोबा नाहीत, मरियम नाही. आमच्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आला, आणि त्यावर या माणसाचा फोटो. त्याचा रंग. लोक काय म्हणतील. आम्ही तरी कुठले गोरे? पण अरब मूळ पुरुषाची फुशारकी मारणाऱ्या मला मक्केत जन्मलेला, माझ्याहून अस्सल अरबी बोलणारा सख्खा नातेवाईक नकोसा झाला—तो काळा होता म्हणून. माझ्या मुलीच्या, सनाच्या लग्नाची बोलणी चालू होती, असं कारण मी पुढे स्वतःला देत असे. तेही खोटं. सनाचं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी ठरलं.

मी कॉम्प्युटरवर बोटं फिरवली, शोधल्यासारखं केलं. असं कुणी आमच्या गावात नव्हतं, म्हणालो. त्याने माझे आभार मानले.

पण तो येत राहिला. कोकणातून उमऱ्याच्या यात्रेला येणारे गट आमच्याकडे उतरत, म्हणून दर गुरुवारी लॉबीत येऊन बसायचा, नवीन माणसांना विचारायचा. सगळे त्याला अम्म बकर म्हणत. अम्म म्हणजे चुलता. इथे कुठल्याही म्हाताऱ्याला मानाने तसंच म्हणतात. मीही म्हणायचो. माझ्या तोंडी तो शब्द खरा होता, आणि हे फक्त मलाच माहीत होतं.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

अब्बा उमऱ्याला आले होते, गटाबरोबर आमच्याच हॉटेलात उतरले होते. गुरुवारी त्यांना खाली येऊ द्यायचं नाही, हे मी मनात पक्कं केलं होतं. पण ते आले. मी फोनवर होतो. फोन ठेवून पाहतो तर दोघं एका सोफ्यावर. बकरने त्यांना कहवा ओतून दिलेला, अब्बांनी त्याच्यापुढे घरचा काजू धरलेला. एकाला मराठी कळत नाही, दुसऱ्याला अरबी. तरी दोघं हसत होते, आणि अब्बांचा हात त्याच्या हातात होता.

मी धावतच गेलो. बकरने माझ्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे. अरबीत विचारलं, "हे तुझे वडील?"

"ला," मी म्हणालो. नाही. "हॉटेलातले पाहुणे आहेत."

ऐकताय ना? बाप समोर बसलेला, आणि मी नाही म्हणालो.

अब्बांना अरबी येत नव्हतं, पण 'ला' कुणाला कळत नाही? कलम्याचाच पहिला शब्द. "नाही कशाला म्हणालास रे त्यांना?"

"खोली आहे का विचारतायत."

"मग बघ ना एखादी," अब्बा म्हणाले. "चांगला माणूस आहे."

मी त्यांना दंडाला धरून वर नेलं. बकर पुढच्या गुरुवारी आला नाही. त्यानंतरही कधी नाही. त्याला काय कळलं, किती कळलं—मी विचारायला गेलो नाही.

अब्बा दोन वर्षांनी गावी वारले. भाऊ नसलेला माणूस म्हणूनच गेले. जनाज्याला खांदा द्यायला घरचा मी एकटाच. वंशावळ छापून झाली. जमातीने मला शाल घातली, आणि मी भाषणात म्हणालो की मुळं शोधणं हे पुण्याचं काम आहे.

गेल्या रमजाननंतर बकर वारल्याचं कानावर आलं. पत्ता काढून गेलो. पत्रं खिशात होती, घरून निघतानाच घेतली होती. त्याच्या मुलाने दार उघडलं—शाळेत शिकवणारा, चाळिशीचा माणूस. आदराने आत बसवलं, खजूर पुढे केले. मग विचारलं, आपण वडिलांचे कोण?

मी म्हणालो, त्यांची माझी हॉटेलात ओळख होती.

कहवा प्यालो. दोन खजूर खाल्ले. सलाम करून निघालो.