चिंचेनं घासलेला बुश

त्या दुपारची आठवण निघाली की आजही मला आधी शरम वाटते आणि मग हसू येतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात मी नवा फौजदार होतो. अंगावर कोरी खाकी होती आणि डोक्यात हवा.

आमच्या हद्दीतल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या कोठीतून नवे पितळी बुश चोरीला गेल्याची फिर्याद होती. बुश म्हणजे यंत्राचा फिरता दांडा ज्यात बसतो ते कडं. तपास माझ्याकडे होता, हाती काही लागत नव्हतं आणि वरिष्ठ रोज विचारत होते. अशात खबऱ्यानं बातमी आणली. एक म्हातारी चकचकीत बुश घेऊन बाजारातली दुकानं पालथी घालतेय आणि तो कशाचा, हे तिला सांगता येत नाही. हवालदार गेले आणि तिला मुद्देमालासकट ठाण्यात घेऊन आले.

बाई दुधनीकडची. नेसूचं इरकली लुगडं, काखेत कापडी पिशवी. कारखान्याच्या मॅनेजरला बोलावलं. त्यानं बुश हातातही न घेता "आमचाच" म्हणून सांगून टाकलं. मग मी चौकशीला बसलो.

"कुठल्या मशीनचा आहे हा?"

"इंजिनाजवळचं कडं हाय."

"इंजिन कुठल्या कंपनीचं?"

"हिरवं हाय."

"नंबर काय?"

"ते न्हाई ठावं, सायेब. हिरीवर असतंय. धन्याचा पाय मोडलाय म्हणून मी आले. हे जुनं झालंय, असंच दुसरं पायजे."

"जुना म्हणतेस, मग एवढा चकचकीत कसा?"

"चिंच लावून घासलाय की. शारात येताना तसलं काळंकुट्ट कसं आणावं?"

हवालदार गालात हसले. मला वाटलं, म्हातारी पक्की दिसते. बाईमाणसाला दिवेलागणीनंतर ठाण्यात ठेवायचं नाही, असा आमच्या ठाण्याचा दंडक होता. म्हणजे अटक दाखवायची की सोडायचं, ते संध्याकाळच्या आत ठरवणं भाग होतं. हवालदारांशी चाललेलं माझं हे बोलणं तिच्या कानावर पडलं असावं.

"माझ्या नावावर चोरी लिवू नका," ती हळूच म्हणाली. "तीन लेकी दिल्यात मी. त्येंच्या सासरी कळंल."

पंचनाम्यात 'यंत्रमागाचा बुश' असं लिहायला जाणकाराचं मत हवं होतं. म्हणून मी जवळच्याच एका तेलुगू मिस्त्रींना बोलावलं. मागांचे सुटे भाग लेथवर करून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी बुशात बोट फिरवलं.

"साहेब, हा आतून एका बाजूनं झिजलाय. नवा नाही."

मग त्यांनी टाचणी मागितली आणि तेलाच्या बारीक भोकातून काळा मळ उकरून कागदावर काढला. चिंच काही त्या भोकात पोचली नव्हती. मळ बोटांनी चोळून मला दाखवला. त्यात बारीक वाळू होती.

"मागाचा असता तर कापसाचा पिंजा निघाला असता," ते म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "अम्मा, याला तेल कोण घालतं?"

"मीच की. पट्ट्यात जाईल म्हणून पदर खोचून घालते."

"पाणी गळायचं का?"

"लई गळायचं. मग दांड्याला चिंधी बांधायची. वीतभर चिंधीचे दोन वेढे बसत्यात बगा."

मिस्त्रींनी तिला माझ्या टेबलावर वीत पसरायला लावली. तिच्या वितेएवढी सुतळी घेतली, दुमडून निम्मी, म्हणजे एका वेढ्याएवढी केली आणि तिचं गोल कडं करून बुशाच्या न झिजलेल्या काठात बसवलं. बरोब्बर बसलं.

"विहिरीवरच्या पंपाचा आहे साहेब. आत्ता नवा करून देतो."

मॅनेजर कधी उठून गेला, कळलंही नाही. त्याचे बुश पुढे एका भंगारवाल्याकडे सापडले.

मी तासभर कंपनी आणि नंबर विचारत बसलो होतो. त्या पंपापाशी तिचे हात रोज काय करतात, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पुढे सबंध नोकरीत साक्षीदार समोर बसला की मी आधी त्याच्या रोजच्या कामाचं विचारायचो. निम्मे तपास तिथेच सुटायचे. त्या म्हातारीवर आणि मिस्त्रींवर माझा फार जीव जडला, तो यामुळेच.

संध्याकाळी ती नवा-जुना असे दोन्ही बुश घेऊन निघाली. स्टँडवर पुन्हा कुणी अडवू नये म्हणून मी चिठ्ठी लिहिली, सही केली, ठाण्याचा शिक्का मारला. तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

"काय लिवलंय ह्यात?"

"ही वस्तू तुमचीच आहे, असं लिहिलंय."

तिनं चिठ्ठीची घडी घातली, कनवटीला लावली आणि म्हणाली, "व्हय. सकाळधरनं त्येच सांगतेय की मी."