चार जीबीवर तुटलेला संवाद

अर्धांगवायूच्या झटक्यातून बाबा वाचले, चालू लागले, पण बोलेनात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीभ हलते, बोलू शकतात, बोलतं करा. पण शब्द तोंडात अडतो याचीच त्यांना लाज. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत ज्यांची नाटकं ऐकायला आमच्या करडी गावाच्या आसपासची खेडी लोटायची, माईक बंद पडला तरी ज्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा, ते आता पाणीसुद्धा खुणेने मागत. मला भयंकर राग यायचा. त्यांचा नाही, त्या गप्प बसण्याचा.

मागच्या मंडईत मावसभावाने त्यांच्या नाटकाचं शूटिंग केलं होतं. ते त्यांना दाखवायचंच, असं मी मनावर घेतलं. मावसभाऊ पुण्याला, त्याचा संगणक मॅक. त्याने हार्ड डिस्क मावशीसोबत पाठवली आणि फोनवर बजावलं, "फाइल ह्या एकाच डिस्कवर आहे. सांभाळ."

माझ्या विंडोजच्या लॅपटॉपला ती लावली, तर तो विचारतो, डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

"विचारून राहिला तं हो म्हन ना!" शेजारी बसलेल्या धाकट्या भावाचं बोट माउसवर गेलंसुद्धा. मी त्याच्या हातावर अशी चापट मारली की माय स्वयंपाकघरातून धावत आली. हो म्हटलं असतं तर बाबांचा आवाज तिथल्या तिथे पुसला गेला असता. मग मॅकची डिस्क वाचणारं एक सॉफ्टवेअर मावसभावाने सुचवलं, ते टाकलं, आणि फाइल एकदाची लॅपटॉपवर उतरली. अर्धा गड सर झाला म्हणून मी चहा मागितला.

लॅपटॉपच्या बारक्या आवाजात बाबांना धड ऐकू जात नाही, तेव्हा नाटक टीव्हीवरच लावायचं होतं. पण फाइल पेनड्राइव्हवर जाईना. मोठी आहे म्हणे. पेनड्राइव्ह तर सगळा रिकामा! तो नव्या पद्धतीने फॉरमॅट केला, फाइल गेली, तर आमचा जुना टीव्ही ओळखच देईना. त्याला जुनी पद्धत लागते, आणि तिच्यात चार जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही.

"आखी ढोली रिकामी, अन् धान काहून जात नाही?" मायने धान साठवायच्या कणगीवरून विचारलं.

"ढोली मोठी हाये वो माय, तिचं तोंड लहान हाये. येवढं पोतं जाऊन नाही राहिलं."

"मंग फोड ना पोतं!"

तेच तर करणार होते. फाइलचे दोन तुकडे केले. तुकडा कुठे पडतो ते बघायचा धीर माझ्यात कुठला?

संध्याकाळी टीव्ही लागला. बाबा खाटेवर तक्क्याला टेकले होते. समोर तेच, भरदार मिशांचे पाटील होऊन, घर सोडून निघालेल्या मुलाला दरडावत होते, "माझ्या अंगणात पुन्हा पाऊल टाकलंस तर..."

आणि टीव्ही काळा. ऐन वाक्यात पहिला तुकडा संपला होता. मी चरफडत रिमोटने दुसरी फाइल शोधू लागले.

"तर तंगडी तोडीन!" मायने वाक्य पुरं करून टाकलं. बाबांच्या सगळ्या तालमी तिने चुलीपाशी बसून ऐकल्या होत्या.

"ग... गलत!"

आम्ही तिघंही गर्रकन वळलो. बाबा रागाने लाल झाले होते. चुकलेला संवाद त्यांनी आयुष्यात कुणाचा खपवून घेतला नव्हता, बायकोचा तरी कसा घेतील? त्यांनी धड असलेला हात वर केला आणि एकेक शब्द ओढून बाहेर काढला.

"तर... पाय धुवायला... पाणी... मिळणार नाही!"

भावाने टाळ्यांचा कडकडाट केला. माय पदराने डोळे पुसत हसत सुटली. मला तर गावभर ओरडत जावंसं वाटलं. दुसरी फाइल सापडली होती, नुसतं बटण दाबायचं होतं. मी रिमोट खाली ठेवला.

"पुढं काय हाये, बाबा?"

पडदा उघडायच्या आधी खाकरायचे, तसा बाबांनी घसा खाकरला.