कूलरसमोरचं ऑर्किड

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे बावन्न वर्षांची. गुडघे शाबूत होते, अक्कल यायची होती.

आमचं घर शेगावात. उन्हाळ्यात इथे गच्चीवर टाकलेले पापड दुपारपर्यंत वाळतात आणि माणसं त्याच्या आधी. अशा गावात मी हौसेनं ऑर्किड लावलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. ते मला मिळालं. पुण्याला राहणारी माझी नणंद दिवाळीला आली, तेव्हा कागदात गुंडाळलेली एक कुंडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "वहिनी, बघ हं तुला जमतं का. तुमच्याकडची हवा म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडून तिनं चहाचा घोट घेतला.

तिनं सोडलेलं वाक्य मी उचललं आणि जपून ठेवलं. एप्रिलात ती पुन्हा दर्शनाला येणार होती. तेव्हा हिच्या डोळ्यांदेखत याला फूल आणून दाखवीन, असं मी मनाशी पक्कं केलं. मुलांच्या दहावी-बारावीलासुद्धा मी इतकी पेटले नव्हते.

कुंडीत फूल नव्हतंच. चार जाड पानं, एक वाळकी काडी आणि पालीच्या शेपटांसारखी बाहेर लोंबणारी पांढरट मुळं. आमच्या ह्यांचं सगळं बालपण वडनेरच्या शेतात गेलेलं. ह्यांना ती उघडी मुळं बघवेनात.

"थंडी वाजत असंन त्याले," असं म्हणून हे शेतातली काळी माती पिशवीभर घेऊन आले, वर शेणखत. "ज्या मातीत कापूस होते, तिच्यात हे बोटभर झाड नाई होईन काय?"

मलाही ते पटलं. आम्ही दोघांनी मिळून त्याला गळ्यापर्यंत पुरलं. पंधरवड्यात माती सिमेंटसारखी बसली आणि निम्मी मुळं सडून बुळबुळीत झाली. काळ्या मातीचा अभिमान आम्हाला होता, झाडाला नव्हता. मग कुठेतरी वाचलं, की हे जंगलात दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसून राहतं, त्याला माती नको, ओलसर हवा हवी. ते उपटलं, धुतलं आणि कोळसा नि नारळाच्या शेंड्या घालून पुन्हा बसवलं. शेंड्यांना शेगावात तोटा नाही.

थंडीत पानाखालून एक हिरवी काडी निघाली. होळीपर्यंत तिच्यावर हरभऱ्याएवढ्या कळ्या धरल्या. आणि ऊन तापू लागलं.

ओलसर हवा आमच्याकडे एकाच ठिकाणी मिळते, कूलरसमोर. घरात कूलर एक, तो झोपायच्या खोलीत. मी त्याच्यासमोरच्या कोपऱ्यात स्टूल मांडलं, त्यावर ऑर्किड. कूलर लावला की खिडकी उघडी ठेवायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, नाहीतर खोलीचं न्हाणीघर होतं. मला न्हाणीघरच हवं होतं. मी खिडकी लावून घेतली.

"खिडकी उघड ना व, अंग चिकचिक करून राह्यलं!"

"कळ्या सुकतील."

"अन् मी?"

मी कळ्यांकडे बघितलं. हे उशी काखोटीला मारून गच्चीवर गेले आणि रोज जाऊ लागले. चार दिवसांनी शेजारीण वाटीभर साखर मागायला आली आणि साखर घेतल्यावरही उभीच राहिली.

"भाऊजी गच्चीवर झोपून राह्यले म्हणते. काही वाजलं काय तुमचं?"

"नाही हो. झाडाले दमट हवा लागते."

तिनं साखरेची वाटी पदराखाली घेतली. "भांडण असतं तं मिटवून देल्लं असतं, बाई," म्हणाली आणि निघून गेली.

एप्रिलात नणंद आली. स्टेशनावरून घरी येईपर्यंत तिचा चेहरा टोमॅटो झाला होता. ती थेट खोलीत शिरली. "शी! किती कोंदट! कसे राहता तुम्ही?" असं म्हणत तिनं खाडकन खिडकी उघडली, स्टूल बाजूला सरकवलं आणि कूलरपुढे आडवी झाली. झाडाकडे नजरसुद्धा टाकली नाही. पाहुणीला उठवता येत नाही, तीही नणंद. मी ऑर्किड उचलून स्वयंपाकघरात नेलं, माठाजवळ ठेवलं आणि वर ओलं फडकं बांधलं. कळ्या पिवळ्या पडत गेल्या. रोज केर काढताना एखादी सापडायची. शेवटी एकच उरली, फुगलेली, टोकाला जांभळट.

एका दुपारी लाईन गेली. कूलर बंद पडला, तशी नणंद माठाशेजारच्या गार फरशीवर येऊन बसली. मी हातपंख्यानं वारा घालत होते, झाडाला.

"वहिनी, मी इकडे आहे गं."

"तुम्हीच दिलेलं झाड आहे, ताई. तुम्ही म्हणाला होतात, आमच्या हवेत जगायचं नाही."

"मी? मी कधी दिलं?" तिनं डोळे बारीक करून बघितलं. आणि एकदम तिच्या तोंडचं पुणं गळून पडलं. "हाव! ते होय! कोणीतरी देल्लं होतं मले, फुलं होती तेव्हा. तिकडे फुलं झडली का फेकूनच देतात लोक. म्हटलं, फेकून काऊन देऊ, वहिनीले देऊ."

"मग तो टोमणा?"

"मी काऊन टोमणा मारीन तुले? चहा गरम होता, जीभ पोळली माही."

माझा हात थांबला. मी जिच्याशी पाच महिने लढले, जिच्यापायी नवऱ्याला गच्चीवर पाठवलं, तिला लढाई लागल्याचा पत्ताच नव्हता. फूल उमलल्यावर तिला ऐकवायचं एक वाक्य मी केव्हापासून घासूनपुसून ठेवलं होतं. ते आता कुणाला ऐकवू? शेजारणीला?

नणंद मात्र गुडघ्यांवर सरकत कुंडीजवळ आली. तिनं त्या एका कळीखाली बोट धरलं.

"हे उमलते काय आता?"

"लाईन आली तर."

"लाईनीचं काय धरून बसली!" तिनं माझ्या हातातला पंखा ओढून घेतला. "तू जाय, चहा टाक. मी घालते वारा. अन् दादाले आवाज दे, ह्या खिडकीतलं ऊन अडव म्हणा."

मी चहा टाकला. बिनसाखरेचा. सकाळी शेजारणीनं पुन्हा वाटीभर नेली होती, ती आमची शेवटचीच होती.