गाढवाला विचारा

नाशिकच्या भांडी बाजारातून माझी गाढवावरून धिंड निघालेली आहे. गुन्हा काहीच केलेला नव्हता. उलट, काही घडू नये म्हणून जेवढी काळजी घेता येते तेवढी मी घेतली होती. त्या वर्षी मी आमच्या चर्चच्या पंच कमिटीचा सेक्रेटरी होतो आणि काळजी घेणं हेच माझं काम होतं (दुसरं मला काही जमतही नसे).

आणीबाणी नुकतीच उठली होती. सगळा देश मोकळेपणी बोलायला लागला होता, आमची कमिटी सोडून. त्याला कारण अण्णा. अण्णांचं भांडी बाजारात तांब्यापितळेचं मोठं दुकान होतं आणि आवाज त्याहून मोठा. नाताळात आमची मंडळी गाणी म्हणत त्यांच्या दारावरून गेली, तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "सेक्रेटरी, तुमचा देव तुमच्या भिंतीच्या आत. पुन्हा बाजारात दिसलात तर तंगड्या मोडून हातात देईन." मी पेढा खाल्ला आणि बरं म्हणालो. (पेढा चांगला होता.)

मग झावळ्यांचा रविवार जवळ आला. प्रभू येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला, लोकांनी झावळ्या हलवून, 'होसान्ना' असा जयघोष करून त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. दरवर्षी आम्ही झावळ्या घेऊन रस्त्यानं मिरवणूक काढत असू. मी कमिटीत ठराव मांडला की यंदा मिरवणूक आवारातच, गेटापासून विहिरीपर्यंत आणि परत. ठराव एकमताने पास झाला. घरी मात्र नापास झाला.

"प्रभू भर शहरातून गेला," माझी बायको मनोरमा म्हणाली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि माझ्याशीही पहिलीतल्या मुलाशी बोलावं तशी बोलत असे. "तो काय विहिरीला वळसा घालून घरी आला का?"

"अगं, परिस्थिती बघ जरा."

"परिस्थिती त्याचीही बरी नव्हती. त्याच आठवड्यात खिळे ठोकले त्याला."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. चांगली बातमी आहे ना ही? मग चोरीच्या मालासारखी लपवायची कशाला?"

तिची समजूत घालायला मी म्हणालो, की यंदा खरंखुरं गाढव आणू, पण आत. ती लगेच कबूल झाली. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती.

गाढव तिनेच ठरवलं. गोदावरीतून वाळू वाहणाऱ्या खंडूभाऊंचं. पण बसायला कोणी तयार होईना. पोरं घाबरली, तरुण लाजले, आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांची कंबर धरली होती. शेवटी पांढरी चादर गुंडाळून, चष्मा सावरत मी चढलो. माझे पाय जवळजवळ जमिनीला टेकत होते.

"गुणाचं हाय, साहेब," खंडूभाऊ म्हणाले. "फकस्त एक हाय. जिथं वझं उतरवायचं, तिथं उतरवल्याबिगर हलत नाय."

मिरवणूक निघाली. पुढे मी, शेजारी दोर धरून मनोरमा, मागे ढोलकी, पाळकसाहेब (ते गाताना डोळे मिटतात) आणि सगळी मंडळी. विहिरीला वळसा घालून आम्ही गेटाशी आलो आणि तेवढ्यात दूधवाल्यानं सायकल आत घ्यायला गेट उघडलं. गाढव बाहेर.

"दोर! दोर धर!" मी ओरडलो.

"निसटला," मनोरमा शेजारून चालत शांतपणे म्हणाली. (पन्नास पोरांचा वर्ग मुठीत ठेवणारी बाई ती. आजही ती हेच सांगते.)

"अगं मग ओरड ना!"

"ओरडते की," ती म्हणाली, आणि हात उंचावून ओरडली, "होसान्ना!"

मागच्यांना वाटलं, ठराव बदलला. पाळकसाहेब मिटल्या डोळ्यांनी ढोलकीमागे, ढोलकी गाढवामागे, असे आम्ही सगळे रस्त्याला लागलो. बाजाराजवळ गर्दी वाढली. चादर गुंडाळलेला माणूस गाढवावर आणि मागे गाजावाजा म्हटल्यावर लोकांनी जे समजायचं तेच समजलं.

"कोणाची धिंड आहे?"

"चोर असेल."

"चष्मा लावून? मग अफरातफर."

"बायकोला मारत असेल."

"यांनी? मला?" मनोरमानं विचारलं. लोकांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो आरोप मागे घेतला.

गाढव सवयीनं भांडी बाजारात शिरलं, एका दुकानाला लागून चाललेल्या बांधकामाशी गेलं आणि वाळूच्या ढिगापुढे थांबलं. दुकान अण्णांचं होतं, बांधकामही त्यांचंच. खंडूभाऊंचं वाक्य मला तेव्हा कळलं. वझं म्हणजे मी. उतरायला गेलो तर चादर पाठीवरच्या गोणपाटाच्या दोरीत अडकलेली. अण्णा बाहेर आले.

"सेक्रेटरी! काय सांगितलं होतं मी? भिंतीच्या आत!"

"चुकलं" हा शब्द माझ्या ओठांवर तयारच होता. पण मनोरमा पुढे झाली.

"आम्ही आतच होतो, अण्णा. गाढवाला विचारा. रोज तुमचीच वाळू वाहतं, तुमच्याच कामावर आहे. त्यानं आणलं आम्हाला."

बाजार हसला. अण्णा लाल झाले. तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाईंनी मला कळवळून विचारलं, "पण बाबा, तू केलंस तरी काय?"

"मी काही नाही केलं, आजी," मी म्हणालो. "आणि ज्याचं सोंग घेतलंय त्यानंही काही केलं नव्हतं. आजाऱ्यांना बरं केलं. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या पंक्तीला बसला. शहरानं आधी त्याला मिरवलं, मग मारलं. तिसऱ्या दिवशी तो उठला. तो माझा प्रभू आहे. हे सांगायची मला आजवर भीती वाटत होती."

"आणि आता?" अण्णांनी विचारलं.

"आताही वाटतेय. पण उतरता येत नाही, म्हणून सांगतो."

आजीबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. आवाज माझाच होता आणि तो मला आवडला.

"झालं सांगून?" अण्णा म्हणाले.

"गाणं राहिलंय," मनोरमा म्हणाली. पाळकसाहेबांनी डोळे उघडले, बाजार पाहिला, पुन्हा मिटले आणि आवाज चढवला. आम्ही सगळी कडवी म्हटली. मग गाढव दारातून हलेना म्हणून अण्णांनीच चादरीची गाठ सोडली आणि मला काखेत धरून खाली उतरवलं. तंगड्या मोडायचं नाव त्यांनी काढलं नाही.

"पुढल्या वर्षी गाढव बदला," ते पुटपुटले.

"तेच आणणार," मनोरमा म्हणाली.

पुढल्या वर्षी कमिटीनं ठराव केला, की मिरवणूक रस्त्यानंच, आणि ज्यानं निर्भयपणे मार्ग दाखवला त्याचा हार घालून सत्कार. पाळकसाहेब हार घेऊन आले. मी नम्रपणे मान खाली घातली. ते मला ओलांडून गेले आणि त्यांनी हार गाढवाच्या गळ्यात घातला. टाळ्या झाल्या. त्यातली सगळ्यात जोराची टाळी मनोरमाची होती.